यकृताआधी हृदय

सकाळी हॉट लॅबमध्ये टेक्निशियन बाई शिशाच्या विटांच्या आड हात घालून काम करत असतात. मॉलिब्डेनमच्या जनरेटरमधून सलाइन ओढलं की त्याबरोबर किरणोत्सारी टेक्नेशियम-99एम उतरतं. दिसायला निव्वळ पाणी. त्याचं अर्धायुष्य 6 तासांचं, म्हणजे सकाळी सातला काढलेल्यातलं निम्मं दुपारी एकपर्यंत संपलेलं. त्यामुळे कुत्रा उपाशी आहे ना, एनिमा झाला ना, गुंगी चढली का, हे सगळं घड्याळाकडे बघत विचारावं लागतं. अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय शिक्षण-रुग्णालयात इमेजिंग शिकायला गेलो, तेव्हा सुरुवातीला माझ्या वाट्याला हेच विचारत फिरणं आलं.

पेशंट बहुधा यॉर्कशायर टेरियर किंवा मॉल्टीज. वाढ खुंटलेलं पिल्लू. खाल्लं की गुंगल्यासारखं होतं, गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, असं मालक सांगतात. आतड्यांतलं रक्त पोर्टल व्हेनमधून आधी यकृतात जायला हवं, कारण अमोनियाचा बंदोबस्त तिथेच होतो. काही पिल्लांत जन्मतःच एक आडवाट, म्हणजे शंट, राहून गेलेली असते. मग ते रक्त यकृत टाळून थेट हृदयाकडे जातं, आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो. रक्ततपासणीत बाइल अ‍ॅसिड्स वाढलेली दिसतात. का वाढली, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही.

कुत्र्याला गॅमा कॅमेऱ्यासमोर कुशीवर निजवतात. छाती आणि पोट दोन्ही चौकटीत यायला हवं. गुदद्वारातून नळी आत सरकवून टेक्नेशियमचं द्रावण सोडतात आणि मागून थोडी हवा ढकलतात. नळी कुठवर गेली यावर सगळी तपासणी तोललेली असते. गुदाशयाच्या अगदी शेवटच्या भागातलं रक्त पोर्टल व्हेनमध्ये जातच नाही. नळी तिथेच राहिली तर निरोगी कुत्र्यालाही शंट असल्यासारखं दिसेल. कॅमेरा आधीच सुरू केलेला असतो. पुढची दोन-तीन मिनिटं खोलीत कुणी बोलत नाही, कारण सगळ्यांच्या नजरा पडद्यावर असतात. निरोगी कुत्र्यात यकृत आधी उजळतं आणि काही सेकंदांनी हृदय. शंट असेल तर हृदय आधी उजळतं, किंवा दोन्ही एकदमच. एवढ्या छोट्या छातीतला तो उजळता ठिपका एकदा ओळखीचा झाला की आकडा येण्याआधीच निदान तोंडावर येतं.

आकडा नंतर येतो. पडद्यावर यकृताभोवती एक आणि हृदयाभोवती एक अशी रेघ हातानं काढायची आणि सुरुवातीच्या काही सेकंदांत दोन्हींकडून आलेल्या नोंदींत हृदयाचा वाटा किती ते काढायचं. साधारण 15 टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. शंट असलेल्यांत तो बहुतेकदा 60 च्या वर जातो. रेघ थोडी सरकली तर आकडाही सरकतो. म्हणून 72 की 76 यावर वाद घालणाऱ्यांचं मला हसू येतं. मालकांची गफलत याहून मोठी असते. शंट 70 टक्के म्हटलं की यकृत 30 टक्केच चालतंय, असं ते धरून बसतात. ही तपासणी रक्ताची वाट मोजते, पेशींची ताकद नव्हे.

पेशींची परीक्षा घ्यायची तर द्रव्य वेगळं. टेक्नेशियमला मेब्रोफेनिन जोडून शिरेतून देतात. यकृताच्या पेशी ते बिलिरुबिनसारखं उचलतात आणि पित्तात सोडतात. रक्तातून ते किती झपाट्यानं उतरतं आणि यकृतात किती चढतं, या दोन आलेखांवरून पेशींची उचल गणितानं काढता येते. पुढे ते आतड्यात उतरलंच नाही, तर पित्तनलिका तुंबल्याची शंका घ्यायची. यकृताचं काम बाहेरून मोजण्याची ही कल्पना जुनी आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या जॉर्ज टॅपलिन यांनी 1955 मध्ये किरणोत्सारी आयोडीन जोडलेला रोझ बेंगाल हा रंग त्यासाठी वापरला होता.

मला सर्वांत पटलेला उपयोग मात्र 'काही नाही' असं उत्तर मिळण्याचा. केर्न टेरियरसारख्या जातींत यकृताच्या आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्याच नीट घडलेल्या नसतात. बाइल अ‍ॅसिड्स वाढलेली, पण पडद्यावर यकृत आधी आणि हृदय नंतर. म्हणजे बांधण्याजोगी मोठी आडवाट नाही, आणि एका पिल्लाचं पोट विनाकारण उघडायचं टळतं.

तपासणीनंतर कुत्रा वेगळ्या पिंजऱ्यात, साधारण 24 तास. नुसत्या क्षयानंच तोवर किरणोत्सार सोळाव्या हिश्शावर येतो. लघवी आणि विष्ठाही बेतानं हाताळायची. त्या रात्री पिल्लाला घरी न्यायला मिळत नाही, यावरून मालक रागावतात, आणि तो राग मला समजतो.

आता बऱ्याच ठिकाणी सीटी अँजिओग्राफीनं ही तपासणी मागे टाकली आहे, आणि ते योग्यच आहे. शंट नेमका कुठून निघतो आणि कुठे मिळतो, हे सर्जनला आधी दिसायला हवं. टेक्नेशियमचा धूसर ठिपका ते दाखवत नाही. पण शंटभोवती केसीनची कडी बसवल्यावर ती ओल धरून हळूहळू फुगते आणि वाट काही आठवड्यांत बंद होते. तेव्हा अजून किती रक्त यकृत टाळून जातंय, याचं उत्तर आकड्यात हवं असेल तर मी आजही गॅमा कॅमेऱ्याचीच वेळ मागेन.