करंगळी काय सांगते?
जयपूरजवळ सांगानेर, बगरूला छिपा कारागीर लाकडी ठसा कापडावर टेकवतात आणि वरून तळहाताच्या बुडाने दणका देतात, दिवसभर. नसा दबायला एवढं पुरतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर मनगटातली मीडियन नस दबली असावी. करंगळी बधिर असेल तर संशय अल्नर नसेवर. मीडियन नसेचा संशय असेल तर मनगटं ६० सेकंद वाकवून मुंग्या येतात का, हे डॉक्टर पाहतात. नर्व्ह कंडक्शन चाचणीने निदान पक्कं होतं. मधुमेह, थायरॉइडही तपासून घ्यावेत. उपचार म्हणजे आधी रात्री मनगटाला स्प्लिंट, मग स्टेरॉइडचं इंजेक्शन, नाहीच भागलं तर छोटी शस्त्रक्रिया. नस ‘बसवून’ देणाऱ्यांकडे फक्त वेळ जातो. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होऊ लागला, तर लगेच डॉक्टर गाठा.