चिंचोक्यापासून बोन्साय : पहिली दोन वर्षं

सुरुवातीलाच एक गोष्ट मोकळेपणाने सांगून टाकतो, म्हणजे काही जणांचे पैसे वाचतील. बोन्सायचं बी नावाचं काही नसतं. ऑनलाइन पाकिटं मिळतात, त्यावर निळ्या पानांच्या मेपलचा फोटो असतो. निळ्या पानांचा मेपल जगात नाही. बोन्साय ही झाडाची जात नव्हे, ती वाढवण्याची रीत आहे. साध्या चिंचेच्या बीपासून साधी चिंचच उगवते. तिला सोडून दिलंत तर साठ-सत्तर फूट जाईल, कुंडीत छाटत राहिलात तर दीड फुटात राहील.

जपानीत बियांपासून वाढवलेल्या झाडाला 'मिशो' म्हणतात. (हशा) नाही, खरेदीच्या अ‍ॅपशी काही संबंध नाही. आणि डोंगरातून उपटून आणलेलं झाड म्हणजे 'यामादोरी'. आपल्याकडे हौसेपायी सह्याद्रीतली कड्यावरची झाडं खणून आणणारे आहेत. त्यातली बरीचशी पहिल्या उन्हाळ्यात जातात. तिथे चाळीस-पन्नास वर्षं तगलेलं झाड आपल्या गॅलरीत मरतं. म्हणून मी बियांच्या बाजूचा माणूस आहे. वेळ जास्त लागतो, पण मुळापासून सगळं आपल्या हातात असतं.

आता चिंचच का? मेपल आणि पाइनच्या बियांना आधी दोन-तीन महिने थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येते, रोपंही उगवतात, पण पुढे पुण्याचा एप्रिल आणि मुंबईची दमट हवा फ्रिजमध्ये घालता येत नाही. चिंच इथे रुळलेली आहे. तिची पर्णिका मुळातच बारीक, त्यामुळे लहान झाडावरही पान शोभतं. साल लवकर खडबडीत होते. आणि चिंचोका फुकट.

चैत्रात घरी चिंच फोडतात तेव्हाचे चिंचोके बाजूला ठेवा. भाजलेले, उकळलेले चालणार नाहीत. टणक, भरलेले वीस-पंचवीस निवडा. वीस कशाला? प्रत्येक रोप वेगळं निघतं. एकाच्या दोन पेऱ्यांत अंतर जास्त, एक बुंध्यापाशीच वळलेलं. आपल्याला शेवटी चार-पाच ठेवायची आहेत. चिंचोक्याचं कवच पाणी आत जाऊ देत नाही, म्हणून एका कडेला पॉलिश पेपरवर थोडं घासायचं, आतला पांढरा भाग दिसेपर्यंत. मग कोमट पाण्यात रात्रभर. सकाळी जे फुगले ते पेरायचे, जे फुगले नाहीत ते परत घासायचे.

माती. इथे बहुतेकांचं चुकतं. काळी माती नको, ती पाणी धरून बसते. जाड वाळू आणि विटांचा चुरा, दोन्ही चाळून धूळ काढलेले, आणि त्यात चौथा हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. बी बोटाच्या एका पेराहून कमी खोल. आठवडा ते पंधरा दिवसांत कोंब वर येतो, दोन जाड दलं डोक्यावर घेऊन.

मी पेरणी मेच्या मध्याला करतो, त्याचं कारण सांगतो. पहिल्या वर्षी मी हौसेने जूनच्या पावसात पेरलं होतं. चाळीस रोपं आली. आठवड्याभराने सकाळी पाहिलं तर निम्मी आडवी. वर पान हिरवं, आणि मातीच्या रेषेवर देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून अजून घातलं. चार दिवसांत उरलेलीही गेली. शेतकरी याला मर म्हणतात, ती ओल्या मातीतल्या बुरशीने येते. आडवं पडलेलं रोप वाचत नाही, ते मातीसकट काढून टाकायचं. जे करायचं ते आधी : स्वच्छ माती, विरळ पेरणी, मोकळी हवा, मातीत थोडी ट्रायकोडर्माची पावडर, आणि वरचा थर सुकल्याशिवाय पाणी नाही. मेमध्ये पेरलं की पाऊस येईपर्यंत देठ जरा लाकडी होतो. तरीही जून-जुलैत कुंडी पागोळीखाली नको.

दलं गळेपर्यंत खत देऊ नका, रोपाची शिदोरी त्या दलांतच आहे. नंतरही पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भाग पुरे. ऊन मात्र भरपूर. खिडकीत आत ठेवलेली रोपं लांबुडकी होतात. आणि संध्याकाळी पानं मिटली तर घाबरू नका, चिंच झोपते. दरवर्षी मला कोणीतरी रात्री फोटो पाठवून विचारतं, रोप मेलं का?

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. तीन-चार खरी पानं आली, हवा ढगाळ आहे, असा जुलैमधला दिवस बघायचा आणि रोप अलगद काढायचं. खाली सरळ सोटमूळ दिसेल. ते धारदार, स्वच्छ कात्रीने निम्मं कापायचं. हात थरथरतो, मला माहीत आहे. पण सोटमूळ राहिलं तर झाड उथळ ताटात कधीच बसणार नाही. कापल्यावर बाजूची मुळं फुटतात, आणि बुंध्याभोवती चहूबाजूंनी पसरलेली मुळं हीच पुढे झाडाला वय देतात. परत लावताना खाली फुटक्या कौलाचा तुकडा ठेवा, त्यावर मुळं पंज्यासारखी पसरा. पंधरा दिवस सावलीत.

यानंतर काय करायचं? जवळजवळ काही नाही. आणि तेच लोकांना जमत नाही. सहा इंची रोप उथळ ताटात लावतात, शेंडा खुडत बसतात, खोड पेन्सिलीएवढंच राहतं. खोड जाड होतं ते पानांमुळे. मोठ्या कुंडीत दोन-तीन वर्षं मोकळं वाढू द्या, माणसाएवढं होऊ द्या. बुंधा अंगठ्याएवढा झाला की मग खाली छाटायचं. वळण हवं असेल तर तार दुसऱ्या वर्षी, खोड लवचीक आहे तोवर, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला बघायचं. तार सालीत रुतली की तो व्रण वर्षानुवर्षं दिसतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : माझं वय अडुसष्ट आहे. आता बी लावून मला काय बघायला मिळणार?)

खरं सांगू का काका, ताटात ठेवून पाहुण्यांना दाखवावं असं झाड व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. त्याआधी होतं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला लगेच आकार हवा असेल तर नर्सरीतून जाड बुंध्याचं रोप घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण दलं वर येतात ती पुढच्या महिन्यात, सोटमूळ कापायचं ते जुलैत, पहिली तार पुढच्या वर्षी. माझ्याकडे पिशवीत घासलेले चिंचोके आहेत. जाताना पाच घेऊन जा, आज रात्रीच भिजत घाला.