खटल्याचा फंड, त्याचा हिशेब व शिक्षेंतील भेद

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला कीं संशोधकाची नजर प्रथम सनदा, महजर व निवाडपत्रें यांकडे जाते. तळाशीं पडलेल्या वर्गणीच्या याद्या, पावत्यांचीं अर्धुकें आणि वकिलाच्या फीचे चिटोरे बहुधा बाजूस सारिले जातात. अमुक खटल्याकरितां फंड झाला, एवढें एका ओळींत सांगून चरित्रकारही मोकळे होतात. तो कोणीं दिला, कोणाच्या हातीं पडला, कशांत खर्च झाला व शिल्लक किती राहिली, हे चार प्रश्न तसेच राहतात. हे प्रश्न कां विचारावे, आणि अशा फंडांची गरज मुळांत कशामुळें उत्पन्न झाली, हें या लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

गरज उत्पन्न झाली ती न्यायांतील विषमतेमुळें. आग्र्याच्या फुलर नामक इंग्रज वकिलानें आपल्या मोतद्दारास मारिलें व तो मोतद्दार मरण पावला. मॅजिस्ट्रेटानें फुलर यास तीस रुपये दंड केला. खुद्द गव्हर्नर-जनरल लॉर्ड लिटन यांस ही शिक्षा अपुरी वाटून त्यांनीं १८७६ सालीं तिच्यावर कडक टिपण लिहिलें. हा केवळ एका मॅजिस्ट्रेटाचा दोष म्हणावा, तर कायद्यांतच भेद लिहिलेला होता. १८८३ चें इल्बर्ट बिल या भेदाचा एक भाग काढूं पाहत होतें. परंतु गोऱ्या रहिवाशांच्या विरोधापुढें तें नमलें, आणि १८८४ च्या कायद्यानें युरोपियन आरोपीस निम्मे तरी ज्यूरर युरोपियन किंवा अमेरिकन मागण्याचा हक्क दिला.

१८९८ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यांत तर हा भेद आंकड्यांनीं मोजतां येतो. मुफसलांत युरोपियन ब्रिटिश प्रजाजनास साध्या मॅजिस्ट्रेटानें तीन महिन्यांहून, जिल्हा-मॅजिस्ट्रेटानें सहा महिन्यांहून आणि सेशन्स कोर्टानें एक वर्षाहून अधिक कैद देऊं नये, असा त्यांत निर्बंध होता. एतद्देशीय आरोपीस मात्र पहिल्या वर्गाचा मॅजिस्ट्रेट दोन वर्षें कैद देऊं शके, आणि सेशन्स न्यायाधीश हायकोर्टाच्या मंजुरीस अधीन राहून फांशीही देऊं शके. गुन्हा एक, कोर्ट एक, आणि शिक्षेची कमाल मर्यादा आरोपीच्या वंशावरून ठरे. हा भेद १९२३ च्या कायद्यानें बराच कमी झाला व उरलेला १९४९ च्या कायद्यानें काढून टाकिला.

अशा काळांत एतद्देशीय आरोपीस उत्तम बॅरिस्टर देणें हें लोकांस आपलें कर्तव्य वाटूं लागलें. १८९७ सालीं केसरींतील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. तेव्हां कलकत्त्यास फंड जमला. त्या खटपटींत मोतीलाल घोष व रवींद्रनाथ ठाकूर हे होते. पुढें प्यू व गार्थ हे बॅरिस्टर कलकत्त्याहून मुंबईस आले. नऊ ज्यूररांपैकीं सहा युरोपियनांनीं दोषी व तिघां एतद्देशीयांनीं निर्दोषी असें मत दिलें, आणि न्यायमूर्ति स्ट्रॅची यांनीं अठरा महिन्यांची सक्तमजुरी सांगितली. प्रिव्ही कौन्सिलांत अपिलाची परवानगी मागण्याकरितां अ‍ॅस्किथ उभे राहिले. ती मिळाली नाहीं. या एका खटल्यांत खर्चाचीं कलमें किती, तें पाहावें: बॅरिस्टरांची फी, सॉलिसिटर, प्रवास, नकला, विलायतेंतील काम, आणि मराठी लेखांचीं भाषांतरें. ज्या ज्यूरींतील बहुसंख्य सभासदांस मूळ लेख वाचतां येत नव्हते, तिच्यापुढें भाषांतर हाच पुरावा होता. पैसा कां लागला, हें यावरून कळेल.

१९०८ सालीं सात युरोपियन व दोन पारशी अशी ज्यूरी बसली, आणि मतेंही सातांस दोन अशींच पडलीं. सहा वर्षें काळें पाणी व हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. मात्र ती सांगणारे न्यायमूर्ति दावर हे एतद्देशीय होते, व १८९७ त टिळकांच्याच बाजूनें काम करणारे बॅरिस्टर तेच होते. तेव्हां केवळ न्यायाधीशाच्या वर्णावरून निकालाचें अनुमान बांधणें धोक्याचें आहे; ज्यूरीची निवड, कलमाचा अर्थ आणि राज्यकर्त्यांची निकड हीं तिन्ही निराळीं तपासलीं पाहिजेत.

आतां फंडाचें स्वरूप पाहूं. सर्व पैसा एका जातीचा नसतो. १८८२ सालीं कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणांत टिळक व आगरकर यांस जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनीं दहा हजारांचा जामीन दिला. हा जामीन, दान नव्हे. अट पाळिली कीं देणारा मोकळा होतो. १८९७ चा फंड हा बचावाकरितां, म्हणजे उद्दिष्टानें बांधलेला. १९१६ सालीं साठाव्या वाढदिवशीं टिळकांस लाख रुपयांची थैली अर्पण झाली, ती गौरवाची. तिचा विनियोग घेणाऱ्याच्या इच्छेवर होता, तरीही त्यांनीं ती राष्ट्रकार्यास वाहिली. १९१९ त चिरोल यांवरील अब्रूनुकसानीचा दावा विलायतेंत हरल्यावर जो फंड झाला, तो झालेला खर्च भरून काढण्याचा होता. जामीन, बचाव, थैली व भरपाई या चारांची नोंद एकाच ‘फंड’ शब्दाखालीं करणारा लेखक वाचकाची दिशाभूल करितो, कारण प्रत्येकाचा हिशेब निराळ्या रीतीनें द्यावयाचा असतो.

आमच्या अध्ययनाचा विषय धर्मशास्त्र असल्यामुळें येथें मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायाची आठवण होणें साहजिक आहे. अठरा व्यवहारपदांत निक्षेप, म्हणजे विश्वासानें ठेविलेली ठेव, हें एक पद आहे, आणि दिलेल्या वस्तूच्या वादाचें दुसरें. या दुसऱ्या पदांत असें सांगितलें आहे कीं, धर्मकार्याकरितां मागणाऱ्यास धन दिलें आणि पुढें तें त्या कार्यास लागलें नाहीं, तर तें दान ठरत नाहीं. आणि घेणारा गर्वानें किंवा लोभानें तें अडवून धरील तर राजानें त्यास एक सुवर्ण दंड करावा. बचावाच्या फंडास हाच नियम लागतो. तो हेतूपुरता दिलेला पैसा आहे. हेतु सरला कीं शिल्लक देणाऱ्यांची. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यानेंही विश्वस्तानें स्पष्ट हिशेब ठेवावा व विचारल्यास दाखवावा, असें सांगितलें आहे.

परंतु त्याच आठव्या अध्यायांत आणखीही कांहीं आहे, तें लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ब्राह्मणास शिवी दिल्याबद्दल क्षत्रियास शंभर पण दंड, वैश्यास दीडशें किंवा दोनशें, आणि शूद्रास देहदंड. उलट ब्राह्मणानें शूद्रास शिवी दिली तर बारा पण. चोरीच्या बाबतींत मात्र क्रम उलटा असून ब्राह्मणाचा दोष शूद्राच्या आठपट किंवा त्याहून अधिक मानिला आहे. म्हणजे ज्ञात्यास अधिक जबाबदार धरण्याचें तत्त्व स्मृतिकारास ठाऊक होतें; तें त्यानें सर्वत्र लाविलें नाहीं. शिक्षेंतील भेद इंग्रजांबरोबर जहाजांतून आला, असें आम्हांस म्हणतां येणार नाहीं. राज्यघटनेनें कायद्यापुढें समानता सांगितली, १९८७ च्या कायद्यानें गरिबांस विधिसाहाय्य दिलें. तरीही तुरुंगांत जातीवरून कामें वांटण्याचे नियम रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०२४ मधील निकालाची वाट पाहावी लागली.

आतां आमच्या घरची गोष्ट. देवणी निजामी राजवटींत बीदर जिल्ह्यांत होती, आज लातूर जिल्ह्यांत आहे. सुमारें पस्तीस वर्षांमागें जवळच्या एका गांवच्या मारामारींत चार जणांवर खटला झाला. एक जमीनवाला होता. त्यानें आपला वकील स्वतः दिला व तो सुटला. उरलेले तिघे मजूर. त्यांच्याकरितां आम्हीं गांवकऱ्यांनीं वर्गणी केली. यादी आमच्या हातची. पैसा दुसऱ्या एका गृहस्थांकडे असे. तिघांस शिक्षा झाली. तेव्हां पांच रुपये दिलेल्या एका सालगड्यानें भर बाजारांत आम्हांस विचारिलें, “गुरुजी, पैका किती उरला? अपील होईल का?” आम्हीं त्यास, “ही वेळ हिशेबाची नव्हे,” असें म्हणून गप्प केलें. त्याच्या प्रश्नांत आम्हांस संशय दिसला. वस्तुतः तो आमच्याहून अधिक विचाराचा प्रश्न होता. शिल्लक कोणासच ठाऊक नसल्यामुळें वकिलाशीं बोलणें झालें नाहीं, अपिलाची मुदत टळली, आणि तिघांनींही शिक्षा पुरी भोगिली. कोणीं पैसा खाल्ला असें आम्ही म्हणत नाहीं; तसें म्हणण्यास पुरावा नाहीं, आणि पुरावा नाहीं हाच आमचा अपराध आहे.

यावरून आम्हांस एवढें कळलें कीं, जेथें शिक्षा माणूस पाहून होण्याचें भय असतें, तेथें हिशेब मागणारास संकटकाळचा शत्रु समजण्याची संवय लागते, आणि तीच संवय आरोपीस बुडविते. पांच रुपये देणारा व पांच हजार देणारा यांची बरोबरी दुसरीकडे होवो न होवो, हिशेबाच्या कागदावर ती झालीच पाहिजे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, खटल्याच्या फंडाचे कागद हातीं आल्यास ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. यादीवरील तिथि व अक्षर, पावतीवरील तिकीट, फी घेणाराची सही, आणि शेवटची बाकी, हीं चार अंगें निरनिराळीं नोंदवावीं. जमा आहे व खर्च नाहीं एवढ्यावरून अपहाराचा निर्णय करूं नये, कारण पानें हरवतात. आणि थोर नांवें आहेत एवढ्यावरून सर्व ठीक होतें असेंही धरूं नये. जें नाहीं तें नाहीं म्हणून लिहावें.

आमची ती यादी गेल्या वर्षीं रुमालांत सांपडली. नांवें शंभरावर आहेत. त्यांत त्या सालगड्याचें नांव, समोर पांच रुपये व अंगठा आहे. उजवी बाजू कोरी आहे. ती कोरी कां आहे हें स्वहस्तें लिहून तो कागद आम्हीं यादीस जोडिला असून दोन्ही एकत्र बांधून ठेविले आहेत.