जीवन्मुक्ती

जीवन्मुक्ती : देह असतानाच प्राप्त होणाऱ्या मोक्षास जीवन्मुक्ती म्हणतात. ज्ञानी पुरुषाच्या देहपातानंतरची अवस्था ती विदेहमुक्ती. मोक्ष हे केवळ मरणोत्तर फळ आहे की याच जन्मी अनुभवास येणारी स्थिती आहे, हा प्रश्न या संकल्पनेच्या मुळाशी आहे. कठ व बृहदारण्यक या उपनिषदांत, हृदयातील सर्व कामना गळून पडल्या म्हणजे मर्त्य मनुष्य येथेच अमृत होतो, असा विचार आला आहे. भगवद्‌गीतेतील स्थितप्रज्ञ व गुणातीत यांची लक्षणे हाही या संकल्पनेचा आधार मानला जातो.

आत्मा व मन : आत्मा व मन एकच नव्हेत, हे मोक्षविचाराचे गृहीत होय. सांख्यांच्या मते पुरुष हा शुद्ध चैतन्यरूप असून बुद्धी, अहंकार व मन ही जड प्रकृतीची कार्ये आहेत. नैयायिक मनास अणुरूप द्रव्य मानतात. अद्वैत वेदान्तात मन, बुद्धी, चित्त व अहंकार असे अंतःकरणाचे चार प्रकार सांगितले आहेत. अंतःकरण स्वतः जड आहे. परंतु चैतन्याच्या प्रतिबिंबामुळे ते चेतन भासते आणि त्याचे सुखदुःख आत्मा आपले मानतो. हे तादात्म्य म्हणजे बंध व त्याची निवृत्ती म्हणजे मोक्ष. त्यामुळे मोक्षासाठी कोठे जावे लागत नाही किंवा नवे काही मिळवावे लागत नाही.

प्रारब्धाचा प्रश्न : अज्ञान नष्ट झाल्यावरही देह का टिकतो, असा आक्षेप येथे उद्भवतो. शंकराचार्यांच्या मते ज्ञानाने संचित कर्म नष्ट होते व पुढील कर्माचा लेप लागत नाही. मात्र ज्याचे फळ सुरू झाले आहे ते प्रारब्ध भोगूनच संपते. कुंभाराने हात काढून घेतला, तरी चाक वेग असेतोवर फिरत राहते, तसे हे आहे. रामानुजाचार्यांना हे मान्य नाही. देह हेच कर्मबंधाचे चिन्ह असल्याने सदेह मुक्ती हा त्यांच्या दृष्टीने वदतोव्याघात ठरतो.

दुसरा प्रश्न आचरणाचा आहे. ज्ञान झाल्याचे सांगणारा मनुष्य क्रोध व गर्व यांपासून सुटलेला नसेल, तर त्यास मुक्त म्हणावे काय? चौदाव्या शतकातील विद्यारण्यांनी जीवन्मुक्तिविवेक या ग्रंथात त्याचा विचार केला आहे. तत्त्वज्ञान, वासनाक्षय व मनोनाश या तिन्हींचा अभ्यास त्यांनी आवश्यक मानला. जनकाच्या सभेतील याज्ञवल्क्याच्या ठायीही त्यांना विद्येचा मद दिसतो. मनोनाश म्हणजे मूढत्व नव्हे. जीवन्मुक्ताचे मन व्यवहारापुरते उरते. त्यातील आसक्ती तेवढी नाहीशी होते. या ग्रंथाची मांडणी मात्र संन्याशाला डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे.

मराठी परंपरा : हा वेदान्तविचार मराठीत आणण्याचे श्रेय परंपरेने विवेकसिंधु (शके १११०, इ. स. ११८८) या ग्रंथाचा कर्ता मुकुंदराज याला दिले जाते. त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, इ. स. १२९०) स्थितप्रज्ञाची व भक्ताची लक्षणे विस्ताराने आली आहेत. एकनाथांनी वाराणसीत १५७३ मध्ये पूर्ण केलेल्या भागवतटीकेत भिक्षुगीतेचे विवरण केले आहे. अवंतीचा एक कृपण ब्राह्मण निर्धन होऊन भिक्षू बनतो आणि लोक त्याचा छळ करतात. माणसे, देवता, ग्रह, कर्म वा काळ हे आपल्या दुःखाचे कारण नसून आपले मनच ते आहे, असा निष्कर्ष तो काढतो.

संतांच्या परंपरेत जीवन्मुक्तीचा आदर्श संन्याशापुरता न राहता प्रापंचिकांपर्यंत आला. नामदेव (१२७०–१३५०) जातीने शिंपी. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे त्यांचे गाव मानले जाते. आख्यायिकेनुसार गोरा कुंभाराने संतांची परीक्षा घेतली, तेव्हा नामदेव कच्चे ठरले. कारण पंढरीच्या मूर्तीपलीकडे त्यांना देव दिसत नव्हता. ते औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले, तेव्हा विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजले होते. देव नसेल तेथे पाय ठेवावेत, असे त्यांनी नामदेवांस सांगितले. परंतु तशी जागा सापडली नाही. या कथेत भक्ती खोटी ठरत नाही. तिला पडलेली सीमा मात्र नाहीशी होते. उपदेशानंतरही नामदेवांनी संसार व कीर्तन सोडले नाही. पुढे तुकारामांसारख्या संतांनी भक्तीसाठी पुनर्जन्मही पत्करण्याची वृत्ती दाखविली. मोक्षाची इच्छा हीदेखील एक वासना होऊ शकते, ही जाणीव त्यामागे आहे.

जैन मताशी तुलना : औंढा नागनाथ तालुक्यातच शिरड शहापूर येथे एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ यांचे दिगंबर जैन क्षेत्र आहे. जैन मतातील केवलज्ञानी अर्हत् हा जीवन्मुक्ताशी तुलनीय आहे. त्याची घाती कर्मे नष्ट झालेली असतात; आयुष्य, शरीर इत्यादींची निदर्शक अघाती कर्मे देहान्तापर्यंत राहतात. ही कर्मे प्रारब्धाच्या कल्पनेजवळची आहेत. मात्र जैन मतानुसार कर्म हे सूक्ष्म पुद्‌गल असून, मुक्त जीव ब्रह्मात लीन न होता लोकाग्री स्वतंत्रपणे राहतो. अंतिम स्थितीविषयी असा मूलभूत भेद असला, तरी देह असतानाच रागद्वेषांचा क्षय होऊ शकतो, याविषयी दोन्ही परंपरांत एकमत आहे.