गॅस ग्रिल घेताय? मग आधी त्याची नळी समजून घ्या!

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे मुरबाडला मामाच्या शेतघरी जमलो होतो. पावसाळाभर ताडपत्रीखाली झाकलेलं गॅस ग्रिल मी बाहेर काढलं, नॉब फिरवला, इग्नायटर दाबला. बर्नर पेटलाच नाही. ज्योत आली ती थेट नॉबच्या मागून! माझ्या हातावरचे केस जळाले. मामाने धावत जाऊन सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, म्हणून तेवढ्यावरच निभावलं.

दुसऱ्या दिवशी बर्नर खोलला. नळीत सुकलेली माती होती. मामा म्हणाला, "अरे, हे तर कुंभारमाशीचं घर!"

असं का होतं?

ग्रिलमध्ये गॅस एका बारीक जेटमधून बर्नरच्या नळीत शिरतो. शिरताना तो बाजूची हवा सोबत ओढतो आणि हे मिश्रण पुढच्या छिद्रांवर जळतं. नळीत माती किंवा कोळ्याचं जाळं असेल, तर गॅस पुढे जात नाही. तो मागे फिरतो आणि नॉबजवळ पेट घेतो. शहापूर-मुरबाडकडे ग्रिल चार-चार महिने पडून असतं, म्हणून हा धोका जास्त.

घेताना काय बघाल?

- बर्नर: पाच-सहा जणांसाठी दोन बर्नर पुरतात. एक चालू, एक बंद ठेवला की चिकन बंद बाजूला न करपता शिजतं.
- गॅसचा खर्च: बॉक्सवर ३०,००० बीटीयू लिहिलं असेल, तर सगळे बर्नर फुल ठेवल्यावर तासाला साधारण ७०० ग्रॅम गॅस जातो. म्हणजे ५ किलोचा सिलिंडर जेमतेम सात तास.
- रेग्युलेटर: आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाबाने गॅस देतो. ग्रिल त्याच दाबाचं आणि एलपीजीचं आहे ना, विचारा. परदेशी ग्रिलचा रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसत नसेल, तर जुगाड करू नका.
- स्टील: लोहचुंबक सोबत न्या. ३०४ स्टीलला तो सहसा चिकटत नाही आणि आपल्या पावसात तेच जास्त टिकतं.

फार्महाउस भाड्याने देत असाल, तर घरगुती लाल सिलिंडर चालत नाही. कमर्शियल कनेक्शन घ्या.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना

१. बर्नर काढा. मोबाइलचा टॉर्च लावून नळीत बघा आणि बाटली धुवायच्या लांब ब्रशने ती साफ करा.

२. रबरी नळीवर आयएस ९५७३ हा क्रमांक आणि तारीख असते. पाच वर्षं झाली किंवा चीर दिसली की बदला. तारखेचा फोटो काढून कॅलेंडरमध्ये रिमाइंडर टाका.

३. सिलिंडरच्या पट्टीवरचा कोड वाचा. 'बी-२८' म्हणजे पुढची तपासणी जून २०२८ पर्यंत. ए मार्च, सी सप्टेंबर, डी डिसेंबर.

४. नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून अजिबात बघू नका!

५. पेटवताना झाकण उघडंच हवं. काही सेकंदांत पेटलं नाही तर बंद करा, पाच मिनिटं थांबा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचून राहतो. म्हणूनच ग्रिल बंदिस्त पडवीत नको, मोकळ्या अंगणात हवं.

ज्योत निळी असेल तर ठीक. पिवळी आणि काजळी धरणारी असेल, तर हवा नीट मिळत नाहीये. नळी पुन्हा तपासा.

रोजची निगा

खाणं झालं की दहा मिनिटं जाळी तापू द्या, मग चिकटलेलं सहज सुटतं. तारेच्या ब्रशचे तुकडे अन्नात जाऊ शकतात. त्यापेक्षा जाळी कोमट झाल्यावर नारळाच्या काथ्याने घासा. खालचा तेलाचा ट्रे दर वेळी रिकामा करा, नाहीतर तोच पेटतो. शेवटी आधी रेग्युलेटर बंद, नळीतला गॅस जळून गेला की नॉब बंद.

गळतीचा वास आला तर १९०६ हा हेल्पलाइन नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. फोन मात्र सिलिंडरपासून लांब जाऊन करा.

आता मामाकडे गेलो की मसाला लावण्याआधी मी टॉर्च काढतो. दोन मिनिटं लागतात. तुमच्याही ग्रिलच्या नळीत एकदा डोकावून बघा.