तुटलेली जोडणी आणि तांबडी फुली

गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत नॅफ्थॅलीनच्या शीतलनाचा प्रयोग चालू होता. परीक्षानळीतील संवेदक संगणकाला जोडलेला होता आणि दर १० सेकंदांनी तापमानाची नोंद होत होती. तासाभरात ३६० नोंदी जमल्या. पडद्यावर सुरेख आलेख उमटला : आधी उतार, मग ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पठार आणि नंतर पुन्हा उतार. विद्यार्थिनी या नोंदी शिक्षकांच्या खोलीतील संगणकावरच्या सामायिक फोल्डरमध्ये साठवायला गेली, तोच सूचना आली, की मार्ग सापडत नाही. फोल्डरच्या चित्रावर तांबडी फुली दिसत होती.

"सर, बंद करून परत चालू करते," असे म्हणत तिने बटणाकडे हात नेला. "थांब!" मी जवळजवळ ओरडलोच. नोंदी अजून कोठेही साठवलेल्या नव्हत्या. संगणक बंद झाला असता, तर तासाभराची मेहनत क्षणात पुसली गेली असती.

संगणक बंद करून चालू केला की बिघाड जातो, हा अनुभव सर्वांनाच आहे. पण तो का जातो? आणि बंद न करता तो घालवता येईल का?

त्यासाठी आधी 'जोडणी' म्हणजे काय ते पाहू. दोन संगणकांत तार असली, तरी जोडणी म्हणजे ती तार नव्हे. जोडणी ही दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवलेली गोष्ट आहे. समजा, तुम्ही ग्रंथालयात गेलात. प्रथम तेथवर जायला रस्ता हवा. मग खिडकीशी ग्रंथपालांशी बोलणे सुरू होते. तुम्ही ओळखपत्र दाखवता आणि ते तुम्हांला १७ क्रमांकाचा बिल्ला देतात. बिल्ला दाखवून तुम्ही भौतिकशास्त्राच्या दालनात जाता व शेवटी हवे ते पुस्तक हाती घेता.

सामायिक फोल्डर उघडताना नेमक्या अशाच पायऱ्या असतात. तार किंवा वायफाय हा रस्ता. त्यावरून टीसीपी या पद्धतीने संभाषण चालते. त्यात पाठवलेल्या प्रत्येक बाइटचा हिशेब क्रमांकाने ठेवलेला असतो. मग नाव व परवलीचा शब्द तपासून सर्व्हर एक सत्र-क्रमांक देतो, फोल्डरसाठी दुसरा आणि उघडलेल्या फाइलसाठी तिसरा. विंडोजमध्ये वरच्या पायऱ्यांचे हे काम एसएमबी नावाची पद्धत करते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तिची मूळ आखणी केली.

आता समजा, दुपारी ग्रंथपाल बदलले आणि जुनी वही हरवली. तुम्ही १७ क्रमांकाचा बिल्ला दाखवता, तर नवे ग्रंथपाल विचारतात, "कसला बिल्ला?" दोन्हीकडच्या नोंदी जुळेनाशा झाल्या. तांबडी फुली पुष्कळदा हेच सांगत असते. संगणक बंद करून चालू करणे म्हणजे घरी जाऊन, आंघोळ करून, पुन्हा पहिल्यापासून ग्रंथालयात येणे! काम होते खरे. पण ओळखपत्र पुन्हा दाखवले असते, तरी ते झाले असते. चुकीच्या आठवणीबरोबर चांगल्या आठवणीही पुसल्या जातात, हा त्या उपायाचा दोष.

म्हणून नियम असा : खालच्या पायरीपासून तपासत वर जावे आणि जेथे मोडले असेल, तेथूनच पुढे जोडावे.

आम्ही काय केले ते सांगतो. सर्वांत आधी नोंदींची फाइल त्याच संगणकाच्या डिस्कवर साठवली. आता घाई नव्हती. मग तारेच्या टोकाजवळचा दिवा पाहिला. तो लुकलुकत होता. 'पिंग' ही आज्ञा दुसऱ्या संगणकाला साद घालून उत्तराची वाट पाहते. शेजारच्या संगणकाने उत्तर दिले, म्हणजे रस्ता ठीक होता. पण शिक्षकांच्या खोलीतील संगणकाच्या नावाने साद घातली, तर उत्तर नाही. तेथे जाऊन पाहिले, तेव्हा उलगडा झाला. मघाशी त्या खोलीतली वीज गेली होती. संगणक पुन्हा चालू झाला, तेव्हा राउटरने त्याला नवा पत्ता दिला होता. आमचा संगणक मात्र त्या नावापुढे जुनाच पत्ता धरून बसला होता!

नव्या पत्त्यावर पिंग केले, उत्तर आले. मग 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेला 'फ्लशडीएनएस' हा पर्याय जोडून नावा-पत्त्यांची जुनी आठवण पुसली. त्यानंतर 'नेट यूज' या आज्ञेने जोडण्यांची यादी पाहिली. तिच्यातील मोडलेली जोडणी 'डिलीट' पर्यायाने काढली व त्याच आज्ञेने नव्याने जोडली. फुली गेली. आलेख पडद्यावर जसाच्या तसा होता.

कारणे वेगळीही असू शकतात. विंडोजचा सर्व्हर, वेगळे काही ठरवले नसेल, तर १५ मिनिटे न वापरलेली जोडणी स्वतःच सोडतो. अशा वेळी काहीच बिघडलेले नसते. फोल्डर नुसता उघडला की जोडणी परत येते. परवलीचा शब्द बदलला असेल, तर जुनी जोडणी काढून नवा शब्द द्यावा लागतो. एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या नावांनी जोडू पाहिले, तर १२१९ क्रमांकाची चूक दिसते. तेव्हा त्या सर्व्हरच्या आधीच्या जोडण्या काढाव्यात. एवढ्यानेही भागले नाही, तर विंडोजमधील 'वर्कस्टेशन' ही सेवा तेवढी थांबवून पुन्हा सुरू करता येते. मात्र त्याने सर्वच सामायिक फोल्डर तुटतात, म्हणून त्यांतील उघड्या फाइली आधी बंद कराव्यात.

दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे लागते म्हणून ही अडचण येते, तर लक्षातच ठेवू नये, असा विचार कोणी केला नाही का? केला. १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस ही पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक विनंतीबरोबर लागणारी सगळी माहिती पाठवली जाई आणि सर्व्हर काहीच स्मरणात ठेवत नसे. तो बंद पडून पुन्हा चालू झाला, तरी काम पुढे चालू राही. पण फाइल कोणी वापरायला घेतली आहे, हे विसरणाऱ्याला कसे कळणार? त्यासाठी वेगळी सोय करावी लागली. उलट एसएमबीने स्मरण अधिक पक्के केले. २००६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून जोडणी थोडा वेळ तुटली, तरी सर्व्हर उघडी फाइल राखून ठेवू शकतो.

तुम्हीही शाळेत एक प्रयोग करून पाहा. सामायिक फोल्डर उघडा, 'नेट यूज'ची यादी पाहा आणि फोल्डरची खिडकी बंद करा. अर्ध्या तासाने यादी पुन्हा पाहा. जोडणी बहुधा तुटलेली दिसेल. मग फोल्डर उघडून तिसऱ्यांदा पाहा. काय बदलले ते वहीत लिहा आणि त्यामागचे कारण स्वतः शोधा.