व्हीएआर बंद पडला आणि फायनल थांबली

आज जाऊया ट्युनिशियात. 31 मे 2019, राडेसचं स्टेडियम, आफ्रिकन चॅम्पियन्स लीग फायनलचा दुसरा लेग. ट्युनिसचा एस्पेरान्स विरुद्ध कासाब्लांकाचा विदाद. पहिला लेग 1-1 सुटलेला. इथे युसेफ बेलायलीच्या गोलमुळे एस्पेरान्स पुढे.

सेकंड हाफमध्ये विदादच्या वलीद एल कार्तीने हेडर मारला, बॉल जाळ्यात! पण ऑफसाइडचा झेंडा वर. रिप्ले बघितला तर मला तरी तो ऑनसाइडच दिसतो. गोल धरला असता तर पुन्हा बरोबरी. विदादवाले म्हणाले, व्हीएआर बघा. आणि व्हीएआर बंद!

आता नियम काय सांगतो? व्हीएआर बिघडला तरी मॅच अवैध ठरत नाही; मैदानावरच्या रेफरीचा निर्णय कायम. आम्हा इंजिनीअर लोकांच्या भाषेत, फॉलबॅक लिहिलेला होता. पण एकदा लोकांना कळलं की चूक सुधारणारं यंत्र आहे, की त्याच्याशिवायचा निर्णय कोण गुपचूप मान्य करणार? आमच्याकडे साधा डॅशबोर्ड पडला तरी कोणी काम पुढे न्यायला तयार नसतं, ही तर फायनल होती.

विदादने खेळायला नकार दिला. दीडेक तास थांबून गाम्बियाचे रेफरी बाकारी गसामा यांनी मॅच संपवली, कप एस्पेरान्सला. आफ्रिकन महासंघाच्या कार्यकारी समितीने त्रयस्थ ठिकाणी रीप्लेचा आदेश दिला. क्रीडा लवादाने तो रद्द केला, कारण समितीला तो अधिकारच नव्हता. विदादचं शेवटचं अपील फेटाळलं गेलं 2020 मध्ये.